चौकात खेळणारी लेकरे

शास्त्रपाठ : जखऱ्या ८:१-१०, मार्क १०:१३-१६



एखाद्या नगराचे बरे चालले आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? राजा ते खजिन्यावरून ओळखतो, सेनापती तटबंदीवरून आणि व्यापारी बाजारावरून. जखऱ्या संदेष्ट्याने दिलेली खूण मात्र निराळी आहे. परमेश्वर सीयोनेत परत येऊन राहील तेव्हा तेथे काय दिसेल, हे सांगताना तो दोनच गोष्टी दाखवतो. हातात काठी घेतलेले म्हातारे-म्हाताऱ्या चौकात निवांत बसले आहेत, आणि त्यांच्याभोवती मुलगे व मुली खेळत आहेत. एवढेच. सोने नाही, रथ नाहीत, घोडे नाहीत.

हा संदेश कोणाला मिळाला ते ध्यानात घेतले पाहिजे. हा काळ इ. स. पू. ५१८ च्या सुमाराचा, म्हणजे दारयावेश राजाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षाचा. बाबेलच्या बंदिवासातून थोडे लोक परत आले होते. मंदिराचे काम चालू होते, पण पुरे झाले नव्हते. नगराला कोट नव्हता. तो बांधण्यासाठी नहेम्या यायला अजून सत्तर वर्षे होती. त्याच अध्यायाच्या दहाव्या वचनात त्या दिवसांची हकिकत आहे : माणसाला मजुरी मिळत नव्हती, जनावराला भाडे मिळत नव्हते, आणि शत्रूच्या भयाने जाणाऱ्या-येणाऱ्याला शांती नव्हती. अशा नगरात आईबाप लेकरांना घराबाहेर सोडत नाहीत. दगडमातीच्या ढिगांमधले ते रस्ते मुलांच्या आवाजाविना सुने पडले होते. म्हणूनच संदेष्ट्याचे हे चित्र ऐकून लोकांना ते अशक्य वाटले असावे. परमेश्वर पुढच्याच वचनात त्यांना विचारतो की, तुम्हाला नवल वाटले म्हणून मलाही ते अशक्य वाटावे काय?

तेव्हा देवाच्या मापाने शांतीची परीक्षा अशी आहे : त्या ठिकाणचा सर्वांत दुबळा जीव उघड्यावर निर्भयपणे वावरू शकतो काय? बलवान मनुष्य कोठेही वाट काढतो. काठी टेकणारा म्हातारा आणि खेळात भान हरपलेले मूल ही दोघे जेथे सुरक्षित, तेथेच देवाचे राज्य जवळ आले असे समजावे.

या वचनाचे मनन करताना आमच्यापुढे गेल्या शतकातील एक हकिकत उभी राहते. ती दूर देशची आहे, परंतु तिचा धागा थेट आपल्या चर्चच्या फाटकापर्यंत येतो. म्हणून ती थोड्या विस्ताराने सांगतो.

डेन्मार्क देशात सोरेन्सन नावाचे उद्यानरचनाकार होते. मुलांसाठी त्यांनी पुष्कळ नीटनेटक्या बागा आखल्या. पण त्यांच्या नजरेस एक गोष्ट आली. मुले त्या सुंदर बागांत फार रमत नसत. जेथे घरबांधणी चालू असे, तेथील फळ्या, विटा, वाळू आणि मोडके सामान यांत ती तासन्‌तास दंग असत. १९३१ साली सोरेन्सन यांनी लिहून ठेवले की, मुलांसाठी असल्या टाकाऊ सामानाचेच एक अंगण करून पाहावे. बारा वर्षे ही कल्पना कागदावरच राहिली. पुढे १९४३ च्या ऑगस्ट महिन्यात कोपनहेगनजवळ एमड्रुप येथील कामगारवस्तीत असे अंगण उघडले. त्या वेळी देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तेथे लष्करी कायदा पुकारण्यात आला. बाहेर रस्त्यावर बंदुका, आणि मातीच्या उंच बांधाआड मुले विटा रचून घरे बांधीत आहेत! जखऱ्याचे चित्र आणखी कोणत्या शब्दांत रंगवावे?

तेथे जॉन बर्टेल्सन नावाचे पहिले पुढारी नेमले होते. ते पूर्वी खलाशी होते आणि बालशिक्षणाचे शिक्षण घेतलेले होते. त्यांची रीत अशी की, मुलांना हुकूम सोडायचे नाहीत; हत्यारे द्यायची, सामान द्यायचे, जवळ राहायचे, आणि कोणी हाक मारली की जायचे. पुढे सोरेन्सन म्हणत की, आपण केलेल्या सर्व कामांत हे अंगण दिसायला सर्वांत कुरूप, पण आपल्या मनाला तेच सर्वांत सुंदर वाटते.

१९४६ साली इंग्लंडच्या लेडी अ‍ॅलन ऑफ हर्टवूड यांनी हे अंगण पाहिले. या बाईंचे नाव तोवर एका वेगळ्या कारणासाठी पुढे आले होते. १९४४ च्या जुलैमध्ये त्यांनी लंडनच्या 'टाइम्स' पत्रात एक पत्र लिहून, अनाथालयांतून व संस्थांतून वाढणाऱ्या मुलांच्या स्थितीकडे देशाचे लक्ष वेधले होते. त्या मुलांना अन्नवस्त्र मिळे, पण त्यांची म्हणून कोणी विचारपूस करीत नसे. त्या पत्रानंतर इतकी पत्रे आली की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि अखेर १९४८ साली मुलांविषयीचा नवा कायदा झाला. पोट भरले म्हणजे मूल वाढले असे नव्हे, हे बाईंनी ओळखले होते. त्यामुळे एमड्रुपचे अंगण पाहताच त्यांना आपल्या लंडनची आठवण झाली. बाँबहल्ल्यांनी शहरभर मोकळ्या, उद्ध्वस्त जागा पडल्या होत्या. त्या जागा मुलांना का देऊ नयेत, असा प्रश्न त्यांनी एका सचित्र साप्ताहिकातून लोकांना विचारला.

१९४८ साली दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल येथे असे पहिले अंगण उघडले. ते बाँबने पडलेल्या एका चर्चच्या जागेवर होते. प्रिय वाचकहो, या गोष्टीपाशी जरा थांबू या. जेथे एकेकाळी गीते गाइली जात, तेथे आता दगडांचे ढीग होते. त्या ढिगांत मुले आली आणि त्यांनी त्याच दगडांनी पुन्हा काही उभारायला सुरुवात केली. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात सनबल्लट यहूद्यांची थट्टा करतो की, हे जळालेल्या कचऱ्याच्या ढिगांतून दगड पुन्हा जिवंत करणार आहेत काय? विश्वासणाऱ्याने या थट्टेला भिऊ नये. टाकून दिलेल्या वस्तूंतून नवे घडवणे हे तर आपल्या देवाचे नेहमीचेच काम आहे. बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगड कोनशिला झाला, हा आपल्या विश्वासाचा पायाच नव्हे काय? आपल्याकडची मुले फुटक्या कौलांची लगोरी रचतात. चेंडूचा मार चुकवीत ती पुन्हा पुन्हा उभी करतात. ढासळलेले पुन्हा रचता येते हा धडा त्यांना त्या खेळात आपोआप मिळतो. तो फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

यानंतर लंडनमध्ये अशी अंगणे ठिकठिकाणी झाली. काही बंद पडली, कारण जागा इमारतींसाठी हवी झाली किंवा शेजाऱ्यांनी गलबल्याची तक्रार केली. तरी काम चालू राहिले. परंतु बाईंच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. या अंगणांत धडधाकट मुले धावत येत; जी धावू शकत नाहीत, त्यांचे काय? ज्यांचे पाय लुळे, ज्यांची दृष्टी गेली, ज्यांच्या बुद्धीची वाढ खुंटली, ती मुले खिडकीआडच बसत. आईबाप भीतीने त्यांना बाहेर नेत नसत, आणि लोक लाजेने त्यांच्याकडे पाहत नसत. म्हणून १९६६ साली अपंग मुलांच्या साहसी खेळांसाठी एक धर्मादाय संस्था स्थापन झाली, आणि १९७० साली तिचे पहिले अंगण लंडनच्या चेल्सी भागात सुरू झाले. जागा कोठली? तेथील पाळकांच्या जुन्या निवासाच्या बागेची! जी बाग सुंदर हिरवळ म्हणून राखता आली असती, ती चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या लेकरांसाठी उघडली गेली. तेथे चढउतार होते, वाळू होती, पाणी होते, झाडे होती. पावसात आत खेळायला जागा होती आणि सोबतीला समजूतदार माणसे होती. बाईंचे मत ठाम होते की, मोडलेले हाड सांधते, परंतु खचलेले मन सांधणे फार कठीण. अपंग मुलाला कापसात गुंडाळून ठेवणे म्हणजे त्याच्यावर दुसरे अपंगत्व लादणे होय. त्यालाही चढू द्यावे, भिजू द्यावे, आणि एखादे वेळी पडूही द्यावे.

हे वाचताना मफीबोशेथाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. तो पाच वर्षांचा असताना, युद्धाची वाईट बातमी ऐकून त्याची दाई त्याला उचलून पळाली, आणि घाईत तो पडून दोन्ही पायांनी लंगडा झाला. मोठ्यांच्या लढाया आणि मोठ्यांची भीती, शिक्षा मात्र लेकराला! पुढे कित्येक वर्षे तो लो-दबारात परक्याच्या घरी पडून होता. दावीद राजाने काय केले? तो आपण होऊन येईल म्हणून वाट पाहिली नाही. योनाथानासाठी जिच्यावर दया करावी अशी कोणी व्यक्ती उरली आहे काय, असे त्याने विचारले आणि माणसे पाठवून त्याला आणवले. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायाचे शेवटचे वचन सांगते की, तो राजाच्या पंक्तीला जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. त्याचे पाय बरे झाल्यावर त्याला पंक्तीत घेतले नाही. जसा होता तसाच घेतले.

कोणी म्हणेल, ही श्रीमंत देशांची कथा झाली. आपल्या गरीब लोकांना हे कसे जमावे? त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे पाहावे. तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी १९४५ साली बोर्डी येथे, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी लेकरांसाठी काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत हे पाहून ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तिचेच नाव अंगणवाडी. शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच तेथील शिकण्याची साधने. काही मोठी मुले गुरे राखायला जात, त्यांना अंगणही परवडत नसे. तेव्हा अनुताई आणि त्यांचे सोबती गुरांमागे कुरणात गेले, आणि कुरणशाळा भरू लागली. गुरे चरत आहेत, आणि झाडाखाली मुले खेळता खेळता शिकत आहेत. यात कोठे श्रीमंती होती? १९७५ साली सरकारने लहान बालकांसाठी देशव्यापी योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. एका मराठी बाईने दिलेला शब्द आज देशभर गावोगावी ऐकू येतो. देवाने आपल्या भाषेतील या भगिनींच्या हातून किती मोठे काम करून घेतले!

आता आपण प्रभूकडे वळू. मार्काच्या दहाव्या अध्यायात लोक बालकांना येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. शिष्य वाईट नव्हते. प्रभूचा वेळ वाया जाऊ नये, शिस्त राहावी, असा त्यांचा चांगलाच हेतू असेल. पण मार्क सांगतो की येशूला राग आला. मंदिरात बाजार मांडणाऱ्यांवर त्याने आसूड उगारला, हे आपल्याला ठाऊक आहे. येथे त्याचा राग आपल्याच लोकांवर आहे, आणि त्याचे कारण एवढेच की, त्यांनी लेकरांची वाट अडवली. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू बाजारात बसून लग्नाचे आणि मयताचे खेळ खेळणाऱ्या मुलांचा दाखला देतो. याचा अर्थ, त्याने उभे राहून ते खेळ नीट पाहिले होते. नासरेथाच्या गल्लीत तो स्वतःही मुलांमध्ये वाढला. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात देवाचे ज्ञान सृष्टीच्या आरंभी त्याच्यापुढे आनंदाने बागडताना दाखवले आहे. तेव्हा खेळ ही सैतानाची करमणूक नव्हे, आणि अभ्यासातून उरलेला रिकामा वेळही नव्हे. मुलाला देवाने दिलेले ते काम आहे.

यावरून आपल्या मंडळ्यांसाठी काय निष्पन्न होते, ते आता स्पष्टपणे लिहितो.

बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद, जुन्या मंडळ्यांपैकी कित्येकांपाशी देवाने दिलेली एक संपत्ती आहे, ती म्हणजे मोकळी जागा. चिंचेचे, कडुनिंबाचे एखादे जुने झाड, चर्चमागचे पटांगण, बंद पडलेल्या शाळेचे आवार. शहरे चहूबाजूंनी दाटत चालली आहेत. ज्या गल्लीत पूर्वी विटीदांडू चाले, तेथे आता गाड्या उभ्या असतात. पलीकडच्या वस्तीतील मुलांना धावायला रस्त्याशिवाय जागा नाही. आणि कित्येक आवारांच्या फाटकावर मात्र आठवड्यातील सहा दिवस कुलूप असते. प्रश्न असा आहे : ही जागा आपण कोणासाठी राखतो?

पहिली हरकत धोक्याची येते. पोर पडले, त्याला लागले, तर जबाबदार कोण? हरकत खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु धोके दोन प्रकारचे असतात. एक, जो मुलाला दिसत नाही : उघडी विहीर, गवतातील काच, लोंबणारी विजेची तार, कुजलेली फांदी. तो मोठ्यांनी शोधून काढून टाकलाच पाहिजे. दुसरा, जो मुलाला दिसतो आणि जो ते स्वतः तोलून पाहते : झाडाची उंची, ओढ्याची रुंदी. तो काढून टाकला तर मुलाची वाढ खुंटते. मुलांची निवड मुलांवर सोडावी, पण मुलांना एकटे सोडू नये. मंडळीने पारखून नेमलेली किमान दोन प्रौढ माणसे नेहमी हजर असावीत. एकट्या माणसाच्या हाती लेकरे कधीही सोपवू नयेत, मग तो कितीही भला असो. नावांची वही आणि मलमपट्टीची पेटी असावी. प्रेमाला व्यवस्थेचा कंटाळा नसतो.

दुसरी हरकत अशी की, ही मुले आपल्या मंडळीची नाहीत. याउलट कोणी उत्साही बंधू म्हणेल की, बरे झाले, खेळाच्या निमित्ताने त्यांना ओढून घेऊ. आम्हाला दोन्ही विचार प्रभूच्या रीतीला सोडून वाटतात. प्रभूने मुलांना उचलून कवटाळले, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. तुमचे आईबाप कोण, हे विचारले नाही, आणि मोबदल्यात काही मागितलेही नाही. खेळ हे आमिष करू नये. जे अंगण द्यायचे ते निखळ द्यावे. शेजारच्या आईला आपले लेकरू आपल्या फाटकातून आत पाठवताना भय वाटू नये, इतका आपला शब्द सरळ असावा. आपली प्रीती खरी असेल तर तिची साक्ष न बोलता पटेल. आणि खरी नसेल तर बोलून काय उपयोग?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फाटक उघडणे पुरेसे नाही, शोधायला जावे लागेल. फाटक उघडले की चपळ मुले आपोआप येतील. परंतु प्रत्येक मंडळीच्या हद्दीत एखादा मफीबोशेथ असतोच. घराच्या मागच्या खोलीत ठेवलेली मतिमंद मुलगी. वसतिगृहात सुटीतही घरी न नेलेला मुलगा. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला आईबापांमागे हिंडणारी भावंडे, ज्यांचे नाव कोणत्याच शाळेच्या पटावर टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराने खेळणे हा मुलाचा हक्क मानला, आणि भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेही शाळेला खेळाचे मैदान हवे असे ठरवले. कायदा दार दाखवतो. हात धरून आत आणायला मनुष्य लागतो. दावीदाने माणसे पाठवली. मंडळीने कोणाला पाठवायचे?

खर्चाची फार चिंता करू नये. एमड्रुपला टाकाऊ फळ्या होत्या, कोसबाडला शिंपले आणि बिया. आपल्याकडे जुने टायर, दोर, बांबू, वाळूचा एक ढीग आणि पाण्याची बादली कोठेही मिळते. आजीबाईंना सागरगोटे येतात, आजोबांना आट्यापाट्यांचे नियम ठाऊक असतात. त्यांनाही बोलवावे, कारण जखऱ्याच्या चौकात मुलांबरोबर काठी टेकलेले वृद्धही आहेत. एकटेपणाने झुरणारी ही दोन टोके देवाने एकाच चित्रात बसवली, ती उगाच नव्हे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन तास, दोन माणसे : एवढ्यानेही आरंभ होतो. थोडक्या आरंभाचा दिवस तुच्छ मानू नये, हेही याच संदेष्ट्याने चौथ्या अध्यायात शिकवले आहे.

येत्या सभेत प्रत्येक पंचकमिटीने हा एकच विषय घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे : आपली मोकळी जागा किती, ती आठवड्यातून किती तास रिकामी असते, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर किती लेकरे राहतात. तीन आकडे एका कागदावर लिहावेत, आणि मग तो कागद समोर ठेवून प्रार्थना करावी. पुढे काय करायचे ते प्रभू दाखवील. पण आकडे लिहिल्याशिवाय प्रार्थना करून उठू नये.

हे आमच्या स्वर्गीय पित्या, तुझ्या नगराच्या चौकात लेकरांच्या खेळाचा आवाज असावा असे तू ठरवले आहेस. जी जागा तू आम्हांपाशी सोपवली, ती तुझी आहे. जी लेकरे भिंतीपलीकडे उभी आहेत, तीही तुझी आहेत. आमच्या हातातील किल्ली तुझ्या इच्छेप्रमाणे फिरव. जे चालू शकत नाहीत त्यांना उचलून आणण्यास आमच्या बाहूंना बळ दे, आणि ज्यांना कोणी हाक मारीत नाही त्यांची नावे आम्हाला सांग. तुझ्या पुत्राच्या नावाने हे मागतो. आमेन.